आईच्या बसगाड्या कुलपात

माझ्या आईनं सत्तरी ओलांडल्यावर बस चालवायला घेतली. चालवते भयंकर. वळणाला ब्रेक लावत नाही, समोरच्या ट्रकला वाट देत नाही, आणि हॉर्न असा वाजवते की शेजारच्यांचं झोपलेलं कुत्रं उठून बसतं. नशीब की हे सगळं टीव्हीवर चालतं, आमच्या विजयनगरच्या घराच्या हॉलमध्ये. नाहीतर अर्ध्या म्हैसूरची माफी मागत मला दारोदार फिरावं लागलं असतं.

झालं असं की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला बसवून ठेवलं. आमची आई म्हणजे बसणारी बाई नव्हे. बसल्या जागेवरून तिनं सगळ्या घराला कामाला लावलं. पडदा वाकडा लागलाय, कुकरची शिट्टी जास्त झाली, जावयाच्या शर्टाची कॉलर विटलीय. अप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. दुकानात मंदीचे दिवस आले की तिथल्या कम्प्युटरवर गाड्यांचे खेळ खेळत बसायचे, आणि असे बरेच खेळ त्यांनी विकत घेऊन ठेवले होते. आईच्या सूचनांना कंटाळून एका संध्याकाळी त्यांनी त्यातला बसचा खेळ टीव्हीवर लावला आणि कंट्रोलर हातात घेतला. आई म्हणाली, "बघू." तो कंट्रोलर अप्पांना परत मिळाला नाही.

मग अप्पा कंडक्टर झाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून झाले. त्या खेळात प्रत्येक नव्या बसला नाव द्यावं लागतं. देवाचं नाव द्यायला आईनं साफ नकार दिला. म्हणाली, "उद्या मी गाडी खड्ड्यात घातली तर पाप कुणाला लागणार?" त्यामुळे आमच्या बसकंपनीची पहिली जांभळी गाडी म्हणजे बदनेकाई, आपलं वांगं. दुसरी पिवळी, ती रसबाळे, नंजनगूडचं केळं. तिसरी जुनी, खडखडणारी, ती चुरमुरी, इथली भेळ. स्टँडवरून गाडी सुटायच्या आधी अप्पा सोफ्याच्या कडेला उभे राहून तोंडाशी हात धरायचे आणि पुकारा करायचे, "बदनेकाई, बदनेकाई, हत्ति, हत्ति, हत्ति." हत्ति म्हणजे कन्नडमध्ये चढा. माझा नवरा पुण्याचा, नोकरीसाठी इकडे आलेला. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो खरोखर खिडकीशी जाऊन हत्ती कुठाय ते बघून आला. म्हैसुरात राहून त्यानं तेवढं बघावं यात त्याची काही चूक नाही.

मी हसते आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या लहानपणी अप्पा दुकानात जायचे ते जेवायच्या वेळेलाच घरी यायचे, आणि जेवले की झोपायचे. सणावाराला तर जास्तच काम. या दोघांना शेजारी बसून काही करताना मी पाहिलंच नव्हतं. आणि आता रोज संध्याकाळी दोघं एकाच बसमध्ये. आई म्हणायची, "अहो, पुढचा स्टॉप कुठला ते सांगा की." अप्पा म्हणायचे, "अगं, तो मागे गेला, तू थांबलीसच नाही." मग आई इतकी हसायची की हलून तिचा गुडघा ठणकायचा. ते ऐकायला मिळावं म्हणून मी मेटगळ्ळीच्या ऑफिसातून लवकर निघायचे बहाणे शोधायचे.

त्या खेळाच्या नकाशात एक लांब पूल आहे आणि पुलापलीकडे एक गाव. आईनं जाहीर केलं की हे नंजनगूड. नंजनगूड तिचं माहेर. आता तिथं तिचं कुणी नाही, घर कधीच दुसऱ्याचं झालं, भावंडं पांगली. पण पूल लागला की ती गाडी हळू करते. एरवी ती पोलिसांसाठीसुद्धा करत नाही.

आणि अशात अप्पांनी दुकान विकलं.

आमच्या लोकांत दुकान विकायचं म्हणजे बोर्डासकट विकायचं. गिऱ्हाईक बोर्ड बघून येतं, असं अप्पांचं म्हणणं. घेणारा होतकरू कारागीर होता, त्याला दुकानाचं नाव हवं होतं. नावाबरोबर फोन गेला, आणि फोनबरोबर दुकानाचा ईमेलही गेला. आता गंमत अशी की अप्पांना दुसरा ईमेल नव्हताच. कशाला हवा? दुकान म्हणजेच अप्पा. गॅस त्या पत्त्यावर, बँक त्या पत्त्यावर, दातांच्या डॉक्टरांची आठवण त्या पत्त्यावर, आणि आईच्या बसगाड्याही त्याच पत्त्यावर. माझ्या नवऱ्यानं एका रविवारी सकाळी हौसेनं बाह्या सरसावल्या. अप्पांसाठी नवाकोरा ईमेल काढला आणि एकेक ठिकाणी जुना खोडून नवा घालत सुटला. मध्ये मध्ये मला म्हणत होता, "बघ, किती सोपं असतं." मी त्याला कॉफी करून दिली. एवढंच काय, वर बिस्किटंही दिली.

संध्याकाळी आईनं टीव्ही लावला. बसचा खेळ नाही. बसचा काय, कुठलाच खेळ नाही. जिथं सगळी चित्रं ओळीनं दिसायची तिथं रिकामी पाटी, आणि खाली लिहिलेलं की आपण अजून काहीही विकत घेतलेलं नाही.

"माझी रसबाळे कुठाय?" आई म्हणाली.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं बिस्किट खाली ठेवलं.

मग उलगडा झाला तो असा. खेळ विकणाऱ्या कंपनीनं पत्ता बदलायच्या आधी खात्री करायला एक पत्र पाठवलं होतं, ते जुन्या ईमेलवर. आणि दुकान घेतलेल्या त्या कारागिरानं, सज्जन माणूस तो, दुसऱ्याची पत्रं आपल्याकडे येऊ नयेत म्हणून तो ईमेलच बंद करून टाकला होता. पत्राला उत्तर गेलं नाही. वर आमचा लॅपटॉप वेगळा, फोन वेगळा. कंपनीला वाटलं कुणीतरी अप्पांचं खातं पळवतंय. म्हणून अप्पांच्या सुरक्षेसाठी त्यांनी अप्पांनाच बाहेर काढून कडी लावली. नवऱ्यानं निरागसपणे जे उघडलं होतं ते नवंच, रिकामं खातं होतं.

माझं डोकं फिरलं. मी कंपनीच्या मदत करणाऱ्यांशी लिहून भांडायला बसले. तिकडून दर वेळी आधी लिहून यायचं की तुमची अडचण आम्ही समजू शकतो, आणि मग तोच प्रश्न. खरेदीची पावती दाखवा. पावती जुन्या ईमेलवर. जुन्या ईमेलवर आलेला आकडा सांगा. अहो, तो ईमेलच नाही. तुमची अडचण आम्ही समजू शकतो. शेवटी मी लिहिलं की माझ्या आईच्या तीन बस तुमच्याकडे अडकल्यात आणि तिचा गुडघा दुखतोय. त्यावर बराच वेळ काही आलं नाही. बहुतेक तिकडे खरा माणूस उठून बसला असावा. मग उत्तर आलं: खातं उघडताना मालकानं एक गुप्त प्रश्न ठरवला होता, त्याचं उत्तर दिलं तर सगळं परत मिळेल. चुकीच्या उत्तरांना मर्यादा आहे. ती संपली की खातं कायमचं बंद.

"हात्तिच्या," नवरा म्हणाला, "एवढंच ना." आणि त्यानं प्रश्न उघडला.

बाकीचे लोक तयार यादीतून प्रश्न निवडतात, पहिली शाळा कुठली वगैरे. अप्पांनी स्वतःचा लिहिला होता. टीव्हीच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर दोनच शब्द आले. तिचं नाव.

आम्ही सगळे अप्पांकडे बघायला लागलो. अप्पा छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

"सोपं आहे," नवरा म्हणाला आणि त्यानं आईचं नाव टाकलं. आईनं पदर सारखा केला. खोटं कशाला बोलू, मलाही जरा भरून आलं. आमच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायची पद्धत नाही. मी माझ्या नवऱ्याला दिवसभर नावानं हाका मारते, आणि पुष्कळदा ओरडून मारते, पण आई-अप्पांचं सगळं आयुष्य 'अहो' आणि 'अगं' यावर निघालं. फार राग आला तर 'अगं ए'. लग्नकार्यात बायका आईच्या मागे लागायच्या, नाव घ्या, नाव घ्या, आणि ती उखाणा घेऊन मोकळी व्हायची. अप्पांना तसं कुणी कधी कोंडीत पकडलं नव्हतं. आणि बघा, या माणसानं चोरून तिचं नाव जपून ठेवलंय.

पडद्यावर लाल अक्षरं आली. उत्तर चुकीचं.

मग आईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग ही 'ती' कोण?"

"मला आठवत नाही," अप्पा म्हणाले आणि त्यांचा हात गळ्याशी गेला. चाळीसेक वर्षं तिथं मापाची टेप असायची. गिऱ्हाईकाला 'उद्या नक्की देतो' म्हणताना ते ती टेप अशीच चाचपायचे. मला लगेच कळलं की अप्पा थाप मारताहेत. आईला तर माझ्याआधी कळलं असणार.

"ती मेटगळ्ळीची युनिफॉर्मवाली बाई तर नव्हे?" आई म्हणाली. "फॅक्टरीची ऑर्डर घेऊन यायची ती. तिला कॉफी हॉटेलातून मागवायचात. आम्ही आलो तर घरून डबा आणलाय का विचारायचात."

"अगं, जावयासमोर काय बोलतेस?"

"जावयालाही कळू दे की. घाला हो तिचं नाव, बघू उघडतंय का."

माझा नवरा शुंभासारखा खरंच टाईप करायला लागला. मी त्याच्या हातावर फटका मारला, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि मोजके प्रयत्न असे उधळायचे नव्हते. अप्पा लालबुंद. आई मजेत. मी सुचवलं, अप्पांची पहिली शिलाई मशीन असेल, ते तिच्यावर माणसासारखं रागवायचे. मशीनचं नाव टाकलं. चूक. मग नवरा म्हणाला, लेकीचंच असणार, आणि माझ्याकडे असं बघितलं की आता मी रडेन. माझं नाव टाकलं. चूक. मला, सांगते, आतून थोडं लागलं. अप्पांना म्हटलं, "वा, म्हणजे माझाही नंबर नाही का?" त्यावर अप्पा म्हणाले, "सुम्ने बस तू." सुम्ने म्हणजे गप्प, उगीच बडबडू नकोस.

पडद्यावर सूचना आली की आता एकच प्रयत्न शिल्लक आहे.

हसणं तिथंच थांबलं. आईनं कंट्रोलर उचलून टीपॉयवर ठेवला, वर छोटा रुमाल घातला, आणि म्हणाली, "जाऊ दे. बेडा आता." नको आता. मग खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. राग असता तर मी तिच्याशी भांडून तिला हसवलं असतं. ती नुसती बाहेर बघत बसली. त्या संध्याकाळच्या बसफेऱ्या सोडल्या तर तिला दुसरीकडे कुठं जायचं होतं? आणि अप्पांनाही कुठं जायचं होतं, दुकान विकून बसलेल्या माणसाला? बस गेली तर पुन्हा 'जेवायला वाढू का' एवढंच बोलणं उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला भीती वाटली.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्हाला आठवतंय. सांगून टाका. कुणाचंही असू दे, आम्ही हसणार नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

अप्पांनी थोडा विचार केला. "तुम्ही दोघं जा आणि नारळ घेऊन या."

"घरात नारळ आहेत की."

"मग जाऊन ते मोजा."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. म्हणजे नवरा गेला. मी दाराच्या पडद्याआड थांबले. तो माझी बाही ओढून 'असं करू नये' म्हणत होता. पुण्याचे संस्कार.

अप्पा कीबोर्ड घेऊन आईच्या खुर्चीशेजारी वेताच्या मोड्यावर बसले. एका बोटानं, शोधून शोधून, एकेक इंग्रजी अक्षर दाबायला लागले. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते काळे ठिपके उमटत होते, त्यामुळे मला काहीही कळेना. पण आईची मान खिडकीकडून वळली होती. तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, त्यांच्या बोटाकडे होतं. मधल्या एका अक्षराला तिचा हात तोंडाशी गेला. बोट थांबलं, तेव्हा तीच हळू म्हणाली, "शेवटी अजून एक ए." अप्पांनी तो दाबला.

आणि सगळं परत आलं. बदनेकाई, रसबाळे, खडखडणारी चुरमुरी, स्टँडवर ओळीनं उभ्या.

मी पडद्याआडून उडी मारून बाहेर आले, नवरा नारळासकट आला. "काय होतं? कोण होती?" मी विचारलं. आईचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम.

"मी होते," ती म्हणाली. "आधीची."

मग तिनं सांगितलं. तिचं माहेरचं नाव वेगळं होतं. पण सासरी थोरली जाऊ त्याच नावाची निघाली, आणि एका घरात दोघींना एक नाव कसं चालेल? म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. लिहिलं अप्पांनी. ठरवलं आजीनं. आईला कुणी विचारलं नाही. माहेरी धाकटी भावंडं तिला अक्काच म्हणायची, आई-वडील गेले, आणि ते नाव घेणारं माणूसच उरलं नाही. मीसुद्धा ते कधी ऐकलं नव्हतं. तिची सख्खी मुलगी, आणि मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. माझ्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा आईनं ते उचलून थेट आत नेलं होतं आणि माझ्या सासूबाईंना हसत सांगितलं होतं, "हिचं नाव हिच्याकडेच राहू द्या, तांदूळ आम्ही खिचडीला घेतो." तेव्हा मला वाटलं होतं, कसली ही आधुनिक आई. आता कळलं की तिनं तसं का केलं होतं.

"पण अप्पा, सांगायचं ना आधीच," मी म्हटलं.

"जावयासमोर?" अप्पा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तेवढं उत्तर पुरेसं होतं.

आईनं डोळे पुसले, रुमाल कंट्रोलरवरून काढला आणि खुर्ची टीव्हीकडे फिरवली. "आयितु," म्हणाली, झालं. खेळातली तिची कमाई साठली होती, त्यात तिनं तिथंच एक नवी बस घेतली. लांबलचक, निळी, वर सामानाची जाळी असलेली. पडदा विचारायला लागला की हिला नाव काय द्यायचं. मी म्हटलं, "पडवळ ठेव." नवरा म्हणाला, "कोकम." आईनं आम्हाला हातानं गप्प केलं आणि स्वतः एकेक अक्षर लावलं. यावेळी ठिपके नव्हते. बसच्या कपाळावर, काचेच्या वर, पिवळ्या अक्षरांत तिचं नाव आलं, आणि मी ते पहिल्यांदा वाचलं. फार गोड नाव आहे. इथं मी ते लिहिणार नाही, ते कुणी घ्यायचं हे ठरलेलं आहे.

गाडी स्टँडवर लागली. इंजिन चालू, ड्रायव्हर बसलाय, गाडी हलेना.

"अगं, चल की," अप्पा म्हणाले.

"कंडक्टरनं पुकारा केल्याशिवाय कशी हलणार?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. पळून जायला वाट नव्हती, स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते. नवऱ्यानं, देव त्याचं भलं करो, तोंड भिंतीकडे केलं. अप्पा उठले. सोफ्याच्या कडेला नेहमीच्या जागी उभे राहिले. हात तोंडाशी नेला आणि ते नाव घेतलं, इतकं हळू की पंख्याच्या आवाजात विरून गेलं.

"ड्रायव्हरला ऐकू नाही आलं," आई म्हणाली.

मग अप्पा ओरडले. कंडक्टर ओरडतात तसं, ओळीनं तीनदा ते नाव, आणि मग "हत्ति, हत्ति, हत्ति". शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मी हसत होते आणि माझं नाक गळत होतं. आईनं ब्रेक सोडला, हॉर्न दाबला, आणि पहिल्याच वळणाला नवीकोरी निळी गाडी खांबाला घासली. कुणीच तिला काही बोललं नाही.

पुढं पूल लागला, तशी तिनं गाडी हळू केली. पलीकडे तिचं नंजनगूड दिसायला लागलं. तिथं स्टॉप नाही, कुणी चढायचं नव्हतं, कुणी उतरायचं नव्हतं. अप्पांनी हात तोंडाशी नेला आणि तिचं नाव पुन्हा पुकारलं. यावेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.